परत सुटला

दादा गेल्याचा फोन वाजत होता आणि मी तो उचलत नव्हते. बुधवारची सकाळ, हात कणकेत, आणि स्क्रीनवर ‘दादा घर’. मला वाटलं, परत ऑटोपायलट सुटला असेल. मनात म्हटलं, थांब जरा, तुझं विमान काही खरंखुरं पडत नाहीये! पुन्हा वाजला तेव्हा कोपरानं कसाबसा घेतला. पलीकडे सुधावहिनी होत्या. “निलूवन्सं, हे पडले... स्कूटरवरून.” एवढंच म्हणाल्या. मी विश्रांतवाडीहून वारज्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मला शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पळवायचं आणि आपण मात्र थांबायचं नाही, ही त्याची जन्माची खोड. शेवटच्या दिवशीसुद्धा मोडली नाही.

आता महिना होऊन गेला. या पुरवणीतल्या शुद्धलेखनाच्या चुका काढून दादा दर आठवड्याला पत्र पाठवायचा, म्हणून पुरवणीवाल्यांनी सांगितलं, तुमच्या भावावर चार चांगले शब्द लिहा. चार सापडतात का बघते. मेल्या म्हशीला मणभर दूध, ही रीत मला माहीत आहे. तेराव्याला पाहिली ना! सोसायटीच्या ज्या सेक्रेटरीला तो ‘उंटावरचा शहाणा’ म्हणायचा, तो डोळे पुसत सांगत होता, “दादांसारखा मार्गदर्शक होणे नाही.” मी जिलबी तशीच ताटात ठेवली. माझा भाऊ मार्गदर्शक वगैरे काही नव्हता. तो खडूस होता, हेकट होता, आणि शेवटची दोन वर्षं तो माझ्याशी धडधडीत खोटं वागला. त्याबद्दल मला त्याचा राग आहे. तो अजून उतरलेला नाही, उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

लहानपणी शनिवार पेठेत दोन खोल्यांत आम्ही वाढलो. तेव्हापासून त्याचा एकच छंद, दुसऱ्याचं काय चुकलं ते सांगणे. पुढे त्याला नोकरीही तशीच मिळाली. पिंपरीकडच्या एका कारखान्यात तो इन्स्पेक्शनला होता. तयार भाग तपासायचा आणि नापास भागावर लाल रंगाची रेघ ओढायची. असल्या कामाचा पगार मिळतो म्हटल्यावर तो घरीही तेच करायला लागला. आईच्या भाजीला “रिजेक्ट”, माझ्या हस्ताक्षराला “रिजेक्ट”, मला बघायला आलेल्या पहिल्या मुलाला तर तो दारातून आत यायच्या आधीच “रिजेक्ट”. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला, एका कंपनीत मोजमापाची यंत्रं दुरुस्त करत निवृत्त झाले. त्यावरही त्याचं म्हणणं एवढंच, “चला, निदान घरचा मिक्सर तरी नीट राहील.”

निवृत्तीनंतर त्यानं विमान घेतलं. म्हणजे कॉम्प्युटरवरचं. वारज्याच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत तीन स्क्रीन, पायाखाली पेडल, आणि टेबलाला आवळून बसवलेला योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग. लोकांना वाटायचं, बिचाऱ्याचं वैमानिक व्हायचं स्वप्न राहून गेलं असेल. कसलं स्वप्न! यंत्राला नापास करायची सवय होती, कारखाना सुटला, आता हुकमी नापास करायला काहीतरी हवं होतं. लोहगावहून उडायचं, सिंहगडावरून वळसा घ्यायचा, पाहिजे ती उंची आणि दिशा लावून ऑटोपायलटचं बटण दाबायचं. मग विमान आपलं आपण चालतं, आपण चहा प्यावा. पण दादा बटण दाबल्यावरही योकवरचा हात काढायचा नाही. मी म्हणायचे, “अरे, आपोआप चाललंय ना? हात काढ की.” तर म्हणायचा, “निले, मी आयुष्यभर यंत्रं नापास केली आहेत. यंत्रावर सोडून देणारा माणूस मी नव्हे.”

दोन वर्षांपूर्वी पहिला फोन आला. “ऑटोपायलट सुटतोय.” विमान सरळ जाता जाता टिंग टिंग असा इशारा वाजायचा, ऑटोपायलट आपला आपण बंद पडायचा, आणि विमान एका पंखावर कलायला लागायचं. असं कशानं होतं हे मला तेव्हाही माहीत होतं. ऑटोपायलट चालू असताना योक हलला, तर विमान समजतं की वैमानिकाला स्वतः चालवायचंय, आणि सोडून देतं. तेव्हा योकच्या आतला कुठला तरी भाग खराब होऊन, कुणी हलवलेला नसतानाही हलल्याचं सांगत असणार. सोपं काम. रविवारी येते म्हटलं.

तो रविवार काही संपला नाही. वायर बदलली, कॉम्प्युटरमागची जागा बदलली, योक पुन्हा पहिल्यापासून जुळवला. माझ्या हातात विमान रेघ मारल्यासारखं सरळ! मी घरी पोचते तोच फोन, “परत सुटला.” पुढच्या रविवारी डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून योक उघडला, आतले विजेचे कॉन्टॅक्ट पुसले, सफाईचा फवारा मारला. “परत सुटला.” तापकीर गल्लीतून नवा भाग आणून बसवला. “परत सुटला. रिजेक्ट.” मधल्या काळात त्यानं सोसायटीच्या मीटिंगमध्ये इमारतीच्या अर्थिंगवर भाषण ठोकलं, वीज मंडळाला पत्र लिहिलं, वहिनींच्या मिक्सरवर विमान उडवण्याच्या वेळेत बंदी घातली. चटणी पाट्यावर वाटायची! विमानाचा हा खेळ बनवणाऱ्या कंपनीनं नवा अपडेट पाठवला की तो कंपनीला शिव्या घालायचा, आणि नाही पाठवला की मला.

आणि मी असताना तो कधी उडवायचाच नाही. “तू बस, तू धर,” म्हणायचा आणि मागे उभा राहायचा, उजवा हात खिशात. चहा घ्यायचा तो डाव्या हातानं, स्टीलच्या ग्लासात, अर्धाच. माझ्या जावयाशी हात मिळवायचा सोडून लांबून नमस्कार करायला लागला. मला वाटलं, म्हातारपणी माज आलाय. त्याच्याबाबतीत माज हे कारण नेहमीच पुरेसं असायचं, दुसरं शोधायची वेळ त्यानं कधी येऊ दिली नव्हती.

गेल्या दिवाळीनंतर एकदा मात्र माझा संयम संपला. दुपारभर विमान माझ्या हातात सुतासारखं चाललं होतं आणि तो मागून म्हणाला, “तुझ्या हातात चालतं, कारण तुझा हात जड आहे. माझा हात हलका. तुला दोष सापडत नाही हे कबूल कर ना! कंपनीनं कसं काय ठेवलं तुला इतकी वर्षं?” मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. म्हटलं, “दादा, यंत्रात दोष नाही. चालवणाऱ्यात आहे. नाचता येईना, अंगण वाकडं!” तो खिडकीकडे वळला. म्हणाला, “पोहे झालेत. खा आणि जा.” मी पोहे न खाता गेले. बरेच रविवार गेले नाही. मग एक दिवस फोन, जणू काही झालंच नव्हतं, “परत सुटला. येतेस का?” सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पण त्यानं ‘येतेस का’ असं विचारलं होतं. असं विचारायची त्याची पद्धत नव्हती. मी गेले.

अपघाताचं कुणी काही वेगळं सांगितलं नाही. पुलाखालचा उतार, पुढचा टेम्पो थांबला, स्कूटर थांबली नाही. सगळे म्हणाले, ब्रेक लागला नाही. मी दहाव्यानंतर स्कूटर गॅरेजात नेली. ज्यानं कुणी तिचं सर्व्हिसिंग केलं असेल त्याला धारेवर धरायचं ठरवूनच नेली. मेकॅनिकनं ब्रेक दोनदा खोलून बघितला. हात पुसत म्हणाला, “ताई, गाडीत काही फॉल्ट नाय. ब्रेक एकदम ओके.” मी रस्त्यात उभी राहिले. हे वाक्य मी कुठेतरी ऐकलं होतं. ऐकलं कसलं, मीच म्हटलं होतं.

मग गेल्या रविवारी वहिनींनी बोलावलं. “ते विमानाचं सगळं कुणाला तरी देऊन टाका, माझ्यानं बघवत नाही.” देण्याआधी चालतंय का बघावं म्हणून बसले, विमान वर नेलं, योक धरला. वळवला तर विमान ढिम्म! अजून वळवला, तरी नाही. पार खूप वळवल्यावर कुठे पंख हलला. गाडीच्या स्टिअरिंगला प्ले असतो ना, थोडं हललं तरी चाकाला कळत नाही असा, तसा प्ले विमानाच्या योकलाही लावता येतो, सेटिंगमध्ये जाऊन. मी तो दर रविवारी तपासायचे आणि दर रविवारी तो नाममात्र असायचा. या वेळी तो इतका होता की कुठल्याही शहाण्या माणसाला ते विमान धड वळवता आलं नसतं. हे असं कुणी आणि कशासाठी केलं असेल... यंत्रानं दुर्लक्ष करावं म्हणून. काय दुर्लक्षित करावं? हात. बाकीचे दिवस तो प्ले वाढवून ठेवायचा आणि मी यायच्या आधी पुसून टाकायचा. तो बुधवारी गेला, म्हणून पुसायचं राहून गेलं.

मी स्वयंपाकघरात गेले. “वहिनी, दादाचा हात थरथरायचा?” वहिनी कोथिंबीर निवडत होत्या. मान वर केली नाही. “कंपवात,” म्हणाल्या. “दोन वर्षं झाली डॉक्टरांनी सांगून.” मी किंचाळले. हो, किंचाळलेच, चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असेल. “आणि मला सांगितलं नाहीत? स्कूटर चालवू दिलीत?” तेव्हा त्यांनी वर बघितलं. “किल्ली लपवली होती मी. ह्यांनी दुसरी करून आणली. आणि तुम्हाला सांगायचं नाही म्हणून गळ्याची शपथ घातली. मी एकदा विचारलं, निलूवन्संना उगीच कशाला राबवता, त्यांना खरं सांगा. तर म्हणाले, ‘सांगितलं की ती रविवारी येऊन माझ्या हाताकडे बघत बसेल. आत्ता ती विमानाकडे बघते.’”

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. वाचणाऱ्याला वाटेल, किती हृद्य! मला नाही वाटत. मी मोजमापं दुरुस्त करण्यात जन्म घालवला. दोन वर्षं या माणसानं मला खोटं माप दाखवलं, माझ्याच कामाला नापास केलं, दोष ज्या खिशात होता तो खिसा माझ्या नाकासमोर घेऊन उभा राहिला. मला कळलं असतं तर मी ती स्कूटर भंगारात दिली असती. भांडला असता, बोलणं टाकलं असतं, अन्न सोडलं असतं. पण असता! विमानाला सेटिंग होतं रे दादा, स्कूटरच्या ब्रेकला कुठलं सेटिंग होतं? मूर्ख माणसा, एवढी साधी गोष्ट तुला तपासता आली नाही?

परत त्या खोलीत जाऊन त्याच्या खुर्चीत बसले. प्ले कमी करायला एक बटण पुरतं, पण नाही केला. विमान सिंहगडाच्या वर नेलं, ऑटोपायलट लावला आणि त्याच्यासारखा उजवा हात योकवर ठेवला. मग मुद्दाम हलवायला लागले. थोडा हलवला, विमान सरळ. अजून हलवला, कपातला चहा सांडेल इतका, तरी सरळ. अजून. माझं मनगट दुखायला लागलं, टेबल खडखडायला लागलं, विमान आपलं सरळच चाललंय... आणि याच्याही पलीकडे त्याचा हात जायचा, म्हणून तर फोन यायचे. एवढा? एवढा हलत होता? मी आणखी जोरानं हलवला, आणि टिंग टिंग वाजलं.

आतून वहिनींचा आवाज आला, नेहमीच्या सवयीनं. “परत सुटला वाटतं? लावू का निलूवन्संना फोन?”

मग पोळपाटावर लाटणं फिरायचं थांबलं. विमान डावीकडे कलत होतं. मी ऑटोपायलट पुन्हा लावला आणि योकवरचा हात काढून घेतला.