खंडेनवमीची कुकरी

आमच्या घरात खंडेनवमीला हत्यारं पुजायची रीत. आबा, म्हणजे आमचे वडील, फौजेत होते. त्यांना एका गुरखा सोबत्यानं दिलेली कुकरी, तिच्याशेजारी विळा, कोयता, खुरपी, सगळं पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचं. आबा गेल्यावर हे काम मी ओढून घेतलं. धाकट्या भावाला कशाचीच अक्कल नाही, हे माझं कायमचं तुणतुणं.

त्या वर्षी त्याच्या पिकअपलाही हार घातला. सांगलीचं भाडं होतं, तो घाईत होता. मी पाटावरची कुकरी उचलली नि त्याच्या सीटखाली सारली.

"आक्के, कशाला गं? राहू दे की देवापुढं."

"गप रं! आबांची हाय, सोबत राहील. दसऱ्याला परत आण."

कराडजवळ पोलिसांनी गाडी अडवली. डॅशबोर्डच्या कप्प्यात नशेच्या पावडरीच्या पुड्या सापडल्या. त्या त्याच्याच होत्या, उगाच झाकत नाही. कुणा दोस्ताच्या शब्दाला भुलून गाढव त्या पोचवायला निघाला होता. कळलं तेव्हा वाटलं, समोर आला तर मुस्काट फोडीन.

मग वकील म्हणाले, "माल थोडा आहे, जामीन झाला असता. पण हत्यारासकट सापडला. शस्त्राचं कलम वेगळं लागलंय. आता अवघड आहे."

मी म्हणाले, "अहो, ती मी ठेवली. पूजेची हाय ती. कोर्टात सांगते."

"त्यानं स्वतःच ठेवली म्हणून सांगितलंय," वकील म्हणाले.

तारखेला त्याला आणलं तेव्हा कोर्टाच्या दारात गाठलं. "खरं का न्हाई बोललास?"

"तुलाबी आत घेतलं असतं. आईला कोण बघणार? पुड्या माझ्याच हायत्या, आक्के. तू गप ऱ्हा."

आयुष्यात पहिल्यांदा त्याचं ऐकलं. जामीन फेटाळला गेला.

यंदा खंडेनवमीला पुन्हा पाट मांडला. आई शेजारी येऊन बसली. कुकरीची जागा मोकळी दिसली तशी तिचा तोल गेला. "बापाच्या हत्याराला हात लावताना मुडद्याला लाज वाटली न्हाई! चोरून न्हेली!"

मी दिली गं आई, एवढंच म्हणायचं होतं. मी कोयत्याला कुंकू लावलं. आई त्याला शिव्या देत राहिली, आणि मी देऊ दिल्या.