समता गेडाम यांची तळटीप

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली समता गेडाम कविता करी आणि गुडगावच्या एका खासगी विद्यापीठात आंदोलनांचं सौंदर्यशास्त्र शिकवी. आजूबाजूला मॉल उठत होते. अशा जागी हा विषय चांगला चाले. संप कुठेही होवो, समता टेपरेकॉर्डर घेऊन हजर. एक नियम तिने कधी मोडला नाही: गाण्याखाली ‘कवी अज्ञात’ लिहायचं नाही. गरिबांचीच गाणी तेवढी अज्ञात कशी, असं ती परिषदांमधून विचारी आणि टाळ्या घेई.

म्हणून मानेसरच्या एका कारखान्याच्या फाटकावर ऐकलेलं, मॅनेजरची टिंगल करणारं गाणं छापताना तिने तळटीप दिली: रचना व गायन वाल्मीक खिल्लारे, मूळ गाव हिंगोली, वेल्डिंग विभाग, दुसरी पाळी.

मॅनेजमेंट आठ महिने याच माणसाला शोधत होती.

वाल्मीक तिच्या अकराव्या मजल्यावर आला. खालच्या रजिस्टरात भेटीचं कारण म्हणून गार्डने आपल्याच मनाने ‘प्लंबर’ लिहिलं होतं. त्याच्या हातात कंपनीचं आरोपपत्र होतं, सोबत तिच्या लेखाची झेरॉक्स. तळटीप पिवळ्या हायलायटरने रंगवलेली.

“ताई, गाणं तुमचं आहे, मी नुसतं म्हटलं, असं लिहून द्या. सोमवारी चौकशी आहे. नोकरी राहील माझी.”

“वाल्मीकभाऊ, पण ते खोटं होईल. माझं संशोधनच बनावट ठरेल.” प्रोफेसरपदाची मुलाखतही सोमवारीच होती, हे ती बोलली नाही.

आतून तिच्या आई, लीलाबाई, म्हणाल्या, “दे की लिहून. नाहीतरी कविता करतेसच. एखादी कोणाच्या उपयोगी पडली तर काय बिघडलं?”

“आई, तू थांब यार.”

समताने दोन पानी पत्र दिलं. कोणतंही गाणं एकट्याचं नसतं, कर्तेपण सामूहिक असतं, असं त्यात साधार मांडलं होतं. वाल्मीकने ते घडी घालून खिशात ठेवलं.

सोमवारी वाल्मीकची नोकरी गेली आणि समता प्रोफेसर झाली. संध्याकाळी तिनेच त्याला फोन केला.

“माझं पत्र वाचलं का त्यांनी?”

“वाचलं ना. इंग्रजी भारी आहे म्हणाले. मग मला विचारलं, गाणं कोणाचं?”

“मग?”

“माझं म्हणालो. तुम्ही छापलंय, ताई. तुम्हाला खोटं कशाला पाडू?”