स्क्रूकाकांची खूण

त्यांचं खरं नाव आता पत्त्यावर लिहिण्यापुरतंच उरलं होतं. गल्लीत ते स्क्रूकाका. कुणाचा कॉम्प्युटर जोडून दिला की एखादा तरी स्क्रू उरायचाच. तो ते शर्टाच्या खिशात टाकायचे आणि विसरायचे. मग कपडे धुताना मशीनमध्ये खडखडाट झाला की काकू घर डोक्यावर घ्यायच्या. "लोकांची मशीनं जोडा आणि माझं मोडा!" हे वाक्य त्या घरात इतक्यांदा बोललं गेलं होतं की लेक बहुधा ते ऐकतच बोलायला शिकली असावी.

काकांचं दुकान वगैरे काही नव्हतं. दिवसा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरी आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर हा उद्योग. ओळखीतल्या कुणालाही गेम खेळायला दणकट मशीन हवं असलं की त्याने सुटे भाग आणायचे आणि काकांनी जोडून द्यायचे. कुणी परस्पर दुकानातून तयार मशीन आणलंच, तर काका आजाऱ्याला बघायला गेल्यासारखे तोंड पाडून जायचे. तयार मशीनच्या मागे एका स्क्रूवर चांदीच्या रंगाची पट्टी चिकटवलेली असते. ती फाटली की वॉरंटी संपली. त्या पट्टीवर बोट ठेवून काका विचारायचे, "मशीन तुमचं, टेबल तुमचं, आणि उघडायची परवानगी मात्र दुकानदाराची?" समोरचा ओशाळून हसला की त्यांना आणखी चेव यायचा. "आत काय कोंबलंय ते कुणास ठाऊक! बाहेर नुसता दिव्यांचा लखलखाट." एकदा ते या विषयावर सुरू झाले की समोरच्याचा चहा गार झाल्याशिवाय थांबत नसत. खरं सांगायचं तर तयार मशीनंही वर्षानुवर्षं चालायची, पण हे काकांना सांगणार कोण?

आपण जोडलेल्या प्रत्येक मशीनवर मात्र ते खूण करायचे. मागच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाचीच नजर जात नाही तिथे, मार्करने एक गोल आणि त्यात अधिकचं चिन्ह. स्क्रूचं डोकं. दुसऱ्याने जोडलेलं मशीन दुरुस्त करून दिलं, तर त्यावर खूण नाही. "दुसऱ्याच्या लेकराला आपलं आडनाव लावायचं नसतं," असं ते म्हणायचे आणि हे त्यांनी आयुष्यभर पाळलं.

त्यांच्या स्वतःच्या लेकराची गंमत अशी की तिच्या वाट्याला कायम उरलेसुरले भाग आले. कुणी काढून टाकलेला बोर्ड, कुणाचा घरघरणारा पंखा. ऐन रंगात आलेला खेळ बंद पडला की ती हातपाय आपटायची. काका तिला लाडाने म्हणायचे, "ठमाकाकू, तुझं मशीन असं जोडीन की लोक बघायला येतील. आधी हे एवढं लोकांचं होऊ दे." लोकांचं कधी संपलं नाही. ठमाकाकू मोठी झाली, नोकरीला लागली, आणि पहिल्यांदा तिने स्वतःसाठी काही घ्यायचं ठरवलं ते हेच.

नेमकं त्याच सुमारास काकांच्या डोक्यात एक रक्तवाहिनी तुंबली. बोलणं परत आलं, पाय परत आला. उजवा हात मात्र रुसून बसला. खांद्याला होता, पण सांगितलेलं काही ऐकायचा नाही. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी रबराचा एक चेंडू दिला होता. तो दाबायला गेलं की बोटं नुसती त्याच्यावर पडून राहायची.

"अहो, आता घेऊ दे की तिला तयार," काकू म्हणाल्या. "कशाला जिवाला त्रास?"

"आई, तयार-बियार काही नाही," लेक म्हणाली. "माझं मशीन बाबाच जोडणार. मी हात, ते डोकं."

काकांची छाती फुगली, मग नजर उजव्या हाताकडे गेली. तिने तयार घेतलं असतं तर बरं झालं असतं, हा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. आयुष्यात पहिल्यांदाच. पण ज्या तोंडाने सगळ्या गल्लीला ऐकवलं होतं, त्या तोंडाने आता हे कसं म्हणायचं?

रविवारी सकाळी टेबलावर खोकी आली. काकांनी खुर्चीतून एकेक भाग पारखला. कॅबिनेट काळं, एका बाजूला काच, दुसऱ्या बाजूला पत्रा. दुकानांत तयार मशीनलाही सर्रास हेच वापरतात, म्हणून त्यांनी थोडं नाक मुरडलं, पण लेकीला ते आवडलं होतं. मग मदरबोर्ड पुढ्यात ठेवून ते म्हणाले, "प्रोसेसर मी बसवणार."

हे एक काम त्यांनी कधी कुणाला करू दिलं नव्हतं. त्याला जोर लागत नाहीच. बोर्डावरच्या चौकोनी खाचेत केसासारख्या बारीक पिनांचं शेत असतं. त्यावर प्रोसेसरची चकती अलगद ठेवायची, दांडी खाली दाबायची, की झालं. डाव्या हाताने जमण्यासारखं होतं. लेक पाठमोरी होऊन पुढचं खोकं कापत होती. काकांनी चकती कडांनी धरली, खाचेवर नेली, आणि एवढ्यात उजवा हात उठला. बोलावलं तरी न येणारा हात, जुन्या सवयीने, न बोलावता मदतीला आला. मनगटाला धक्का बसला. चकती कोपऱ्यावर पडली.

त्यांनी ती उचलली. पिनांच्या शेतात एका कोपऱ्यात जनावर लोळून गेल्यासारखं झालं होतं. त्यांनी ओळखलं, बोर्ड गेला. आता आपल्या हातांनी हे सरळ होणं शक्य नाही. मग त्यांनी चकती त्यावर ठेवली आणि दांडी दाबून टाकली.

"बसला?" लेकीने वळून विचारलं.

"बसला," काका म्हणाले.

बाकीचं लेकीने त्यांच्या शिकवणीप्रमाणे जोडलं. संध्याकाळी बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळाच्या काळा. लेकीने मोठ्या आशेने त्यांच्याकडे पाहिलं. सांगायची वेळ हीच होती. काका म्हणाले, "रॅम काढून परत लाव बघू." तिने लावली. मग केबल बदलायला सांगितली, ग्राफिक्स कार्ड काढायला सांगितलं. ती बिचारी घामाघूम होऊन एकेक करत राहिली आणि काका तिला बिघाडापासून लांब लांब फिरवत राहिले. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, पण तोंडातून खरं काही फुटेना. जेवणही गेलं नाही. काकूंना वाटलं, दमले असतील.

पुढे काही दिवस मशीन तसंच पडून होतं. एका दुपारी काका व्यायामाहून घरी आले तर लेकीच्या खोलीतून खेळाचे आवाज येत होते. पडद्यावर डोंगर, नदी, पळणारे घोडे. ती उडी मारून उठली.

"बाबा, रॅमच नीट बसली नव्हती! परत लावली आणि झालं चालू. तुमचा प्रोसेसर तर पहिल्याच झटक्यात बसला होता."

काका हसले. हसावंच लागलं. खुर्ची ओढून बसताना त्यांची नजर सवयीने मशीनच्या मागे गेली. तिथे वरच्या स्क्रूभोवती डिंकाचा मळकट चौकोन होता. पट्टी कुणीतरी नखाने खरवडून काढली होती. थोडा चांदीचा रंग अजून खाचेत होता.

म्हणजे कॅबिनेट तेच, पण हे तयार मशीन. त्यांच्या लेकीच्या टेबलावर, पट्टीवालं. बंद मशीन तिने दुकानात नेलं तेव्हा बोर्ड का गेला हे दुकानदाराने तिला नक्कीच सांगितलं असणार. काकू दारात उभ्या होत्या. एरवी प्रश्नांनी भंडावून सोडणारी बाई, पण आज तिने एवढंसुद्धा विचारलं नाही की चालू कसं झालं. म्हणजे घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं.

"बाबा, एक राहिलं," लेक म्हणाली. तिने मशीन बंद केलं, मागचा पत्रा उतरवला आणि त्यांच्यासमोर आडवा धरला. दुसऱ्या हातात मार्कर. "तुमची खूण."

आत वायरी दुकानाच्या काळ्या पट्ट्यांनी एका ओळीत बांधल्या होत्या. काम नीटनेटकं होतं, नावं ठेवायला जागा नव्हती. काका पत्र्याकडे बघत राहिले. हे माझं नाही, असं म्हणायचं तर कशावरून ते सांगावं लागणार. आणि ते सांगायचं तर त्या रविवारचा तो "बसला" बाहेर काढावा लागणार. त्यांना लेकीला जवळ घ्यायचं होतं, तिच्यावर ओरडायचंही होतं. दोन्हींतलं काहीच जमेना.

"करा ना, बाबा." तिने पत्रा आणखी पुढे केला. पत्रा धरलेल्या अंगठ्याच्या नखात डिंक अडकलेला होता.

काकांनी डाव्या हातात मार्कर घेतला. गोल काढला. तो वाकडा आला, टोकं एकमेकांना भेटलीच नाहीत. आत अधिकचं चिन्ह केलं, तेही तिरपं.

"अगदी तुमचीच," लेक म्हणाली.

"हो," काका म्हणाले, "माझीच आहे." आणि मार्करचं टोपण लावायला त्यांनी उजव्या हाताला बोलावलं. तो मांडीवर पडून राहिला. टोपण लेकीने लावलं.