तीन पिशव्यांतली बंदूक

चहाचा कप आधी खाली ठेवा, मग ऐका. माझ्या हुशारीपायी माझी सख्खी बायको पोलीस ठाण्यात हत्यारबंद ठरली होती. आता बोला!

आम्ही सडक अर्जुनीकडचे. रानडुकरांपासून धान राखायला बाबांकडे परवान्याची एकनळी बंदूक आहे. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करायची. यंदा शेवटचा दिवस उजाडला, आणि बाबांचा गुडघा सुजून भोपळा!

"आटो बोलाव, मी येतो," बाबा म्हणाले. "परवाना माह्या नावाचा हाय. तुले बंदुकीले हात लावाची बी परवानगी नाई."

बस्स! इथंच माझं डोकं चाललं. हात लावायचा नाही तो बंदुकीला. पण बंदूक म्हणजे नेमकं काय हो? तुम्ही कधी विचार केलाय?

मी ती खाटेवर ठेवली. रिकामी आहे हे दोनदा पाहिलं. पेच काढून मागचा लाकडी दस्ता सोडवला.

"बाबा, हे लाकूड. हे बंदूक हाय का?"

"नाई."

नळी काढली. "हा पाइप. हा बंदूक हाय?"

"नाई बा."

उरली चाप आणि घोडा असलेली लोखंडी पेटी, तळहाताएवढी. "आन् हे?"

"हे एकटं कोनाले मारन?"

"मंग बंदूक गेली कोठं?"

बाबांनी खरंच वाकून खाटेखाली पाहिलं!

माझी छाती फुगली. बंदूकच नाही, तर परवाना कशाचा? तरी मी सावध माणूस. तिन्ही भाग एकत्र नकोत, नाहीतर पुन्हा बंदूक व्हायची. म्हणून नळी छत्रीच्या खोळीत घालून बायकोकडे, सुनंदाकडे दिली. दस्ता चुलतभाऊ देवरामच्या थैलीत. पेटी माझ्या डब्याच्या पिशवीत.

"मले कायले ओढून राहिले यात?" सुनंदा म्हणाली.

"अवं, पाइपच तं हाय!"

ऑटोत आम्ही तिघं तीन कोपऱ्यांत बसलो, एकमेकांची ओळख नसल्यासारखे. ऑटोवाला आमच्याच गावचा! मागं वळून म्हणतो, "काऊन गा, घरी भांडन झालं का?"

ठाण्यातल्या जमादारांच्या टेबलावर आम्ही आपापली वस्तू मांडली. त्यांनी चष्मा चढवला.

"परवाना ज्याच्या नावावर हाय, तो कोठं हाय?"

"घरी."

"मग बंदूक कोणी आणली?"

"कोणीच नाही, साहेब!" मी अभिमानानं म्हणालो, आणि सगळा सिद्धांत समजावून सांगितला. लाकूड, पाइप, पेटी. जमादार इतके मन लावून ऐकत होते की काय सांगू! मग त्यांनी आतल्या दोन शिपायांना हाक मारली. "इकडे या रे. हां, आता पुन्हा सांगा."

आणि मी सांगितलं हो! पहिल्यापेक्षा रंगवून!

जमादारांनी पेटी उचलून उजेडात धरली. "हा कोरलेला नंबर दिसते का? परवान्यावर बी हाच नंबर राहते. आमच्या कागदात बंदूक म्हणजे हे. तुमच्या डब्याच्या पिशवीत होती ते."

मी रिकामी पिशवी हळूच पाठीमागं लपवली. पण जीभ? ती थोडीच थांबते! "मग साहेब, नळी म्हणजे नुसता पाइपच ना?"

"नळीबिना गोळी जाईन कोठून? असे मुख्य भाग बी कायद्यात हत्यारातच धरतात. म्हणजे या बाई बी आल्याच."

सुनंदानं माझ्याकडे जे पाहिलं ना, त्याला परवाना लागत नाही, एवढंच!

"आन् लाकूड, साहेब?" देवरामनं घाबरत विचारलं.

"लाकडाचं काही नाही."

देवराम तडक उठला आणि दूरच्या बाकावर जाऊन बसला. "मी यायच्या संग नाई!"

जमादार मला म्हणाले, "एक बंदूक होती, तिचा परवाना होता. तुम्ही त्यातून बिनापरवान्याचे दोन आरोपी काढले. म्हातारबुवा संग आले असते तं दहा मिनिटांत पावती भेटली असती."

शेवटी बाबांना फोन. ते त्याच ऑटोनं आले, काठी टेकत, परवाना छातीशी धरून. जमादारांपुढं हात जोडून म्हणाले, "साहेब, पोरगा वाईट नाई. विचार करते, येवढंच."

त्या एका वाक्यानं ठाणं हसलं आणि आमची केस टळली. बाबांनी दोन मिनिटांत बंदूक जोडली, पावती घेतली. मी हळूच दाराकडे सरकलो.

"थांबा. समज दिल्याची नोंद करू द्या," जमादारांनी पेन उघडलं. "काय करता तुम्ही?"

"शाळेत मास्तर आहे."

"कोणता विषय?"

मला अचानक जोराचा खोकला आला. थांबेचना! पण सुनंदाचा घसा अगदी साफ होता. साऱ्या ठाण्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"नागरिकशास्त्र!"