समोरची ओळ

आमच्या वडगावात एकादशीला संध्याकाळी मारुतीच्या देवळात बायकांचं भजन असतं. दोन ओळी समोरासमोर बसतात. एका ओळीनं म्हणायचं, समोरचीनं उचलायचं. तेवढ्यात पहिलीला श्वास घ्यायला मिळतो.

हल्ली समोरची ओळच उरली नाही. एकीला मोबाइलवरचे महाराज पुरतात, दुसरी घरीच माळ ओढते. म्हणते, "माझा देव माझ्यापाशी." खोटं तरी कसं म्हणावं? उरलो आम्ही तिघी. आम्हीच म्हणायचं, आम्हीच उचलायचं. त्यात मला दमा. गेल्या खेपेला मी मधेच टाळ खाली ठेवला. शेजारीण म्हणाली, "बंदच करू आता. मारुतीचीबी सुटका हुईल." हसलो खऱ्या, पण पुढचा अभंग न म्हणताच उठलो.

माझी सून गच्चीवर ध्यान करते. कानात ती पांढरी बोंडं घालून. म्हटलं, आज विचारतेच, देव काय तुझ्या एकटीचा हाय व्हय? तरातरा जिना चढले आणि तिचं तोंड बघून तिथंच थांबले. इतकं निवांत तोंड मी तिचं कधी पाहिलं नव्हतं.

डोळे उघडले तशी ती दचकली. "काय झालं आत्या? दूध उतू गेलं?"

"न्हाय गं. काय ऐकतीस एवढं?"

तिनं एक बोंड माझ्या कानात घातलं. कुणी बाप्या हळूहळू सांगत होता, श्वास घ्या, सोडा.

"एवढा सबुरीचा बाप्या आपल्या घरात न्हाय जन्मला," मी म्हटलं. ती खळखळून हसली. मग म्हणाली, "आत्या, एवढा येळ मला कुणी हाक मारत न्हाय."

सासूच्या राज्यात मी तरी भजनाला का पळायची? देवळात कुणी चहा मागत नव्हतं.

"गच्ची तुझीच," मी म्हटलं. "पर मला श्वास घ्यायला समोर कुणीतरी पायजे. एकादशीपुरती ये."

"मला चाली येत न्हाईत."

"तू नुसतं मागनं म्हण."

हो म्हणाली नाही. पण एकादशीला आली, धारा काढून, उशिरा. अख्ख्या सतरंजीवर समोर एकटी बसली. पहिलीच ओळ अशी वर चढवून उचलली की आम्ही तिघी बघतच राहिलो. मला पोटभर श्वास मिळाला. शेजारीण कानाशी पुटपुटली, "मारुतीराया, न्हाय रं बाबा तुझी सुटका."

आरती झाली तशी सून थेट गच्चीवर गेली. उपास नसलेल्यांच्या भाकरी मी थापल्या. आणि वर कुणाला हाक मारू दिली नाही.