दोन रेघा उजवीकडे

दीप्याला जाऊन आज एक वर्ष झालं, आणि मी अजूनही त्याच्यावर जळतो.

खोटं कशाला बोलू?

त्याच्या फोटोखाली सगळे 'देवमाणूस' लिहितायत. लिहा. पारोळ्याच्या शाळेपासूनचा माझा मित्र होता तो, आणि शाळेपासूनच मला त्याचा हेवा वाटायचा.

पारोळ्यातच मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं त्याचं. मिक्सर, पंखा, पाण्याची मोटर, काहीही द्या, नुसता आवाज ऐकून बिघाड सांगायचा. मी इंजिनिअर. पण माझ्या घरातला मिक्सरही तोच उघडायचा. बायको त्याला चहासोबत शेव द्यायची, मला नुसता चहा.

तेही चाललं असतं. पण त्याने माझे आबा पळवले.

आबा म्हणजे माझे वडील. बावीस वर्षं केळीचा ट्रक चालवला त्यांनी, रावेर ते दिल्ली, एकच ट्रक. मग गुडघे गेले, क्लच दाबवेना. जळगावला माझ्या फ्लॅटवर आले आणि खिडकीशी जे बसले ते बसलेच. बोलणं जवळपास बंद.

अशात मी रेसिंग गेमसाठी स्टेअरिंग घेतलं. टेबलाला क्लॅम्प करायचं, खाली पेडल. घेतलं माझ्या हौसेसाठी. पण खोका उघडला आणि आबा कधी नव्हे ते खिडकीपासून उठून आले.

"माले बसू दे बरं."

रेसिंगची गाडी आबा चाळीसच्या स्पीडने, कडेकडेने चालवायचे. मागून कोणी आलं की उजवा हात बाहेर काढून 'जा पुढे' अशी खूण करायचे. स्क्रीनमधल्या गाड्यांना!

कॅलिब्रेशन, म्हणजे चाकाचं सेंटर ठरवणं, मी अगदी पुस्तकाप्रमाणे केलं होतं. चाक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, मग सोडून द्यायचं. मध्यावर थांबलं की ओके.

तरी सरळ रस्त्यावर आबांची गाडी उजवीकडच्या गवतात जायची.

"हाई गाडी मन्ही नही शे," ही माझी गाडीच नाही, असं म्हणून ते उठायचे आणि परत खिडकीशी.

रविवारी दीप्या आला. मी दूध आणायला खाली गेलो, वर आलो तर आबा मोठ्याने हसत होते.

"आते उनी गाडी हातमा!"

आता कुठे गाडी हातात आली म्हणे! माझ्या लग्नातसुद्धा ते इतके हसले नव्हते.

मी स्क्रीनवरची सेटिंगची पट्टी बघितली. सेंटर चुकलेलं. मध्यापासून चक्क दोन रेघा उजवीकडे.

काय आनंद झाला म्हणून सांगू! जन्मात पहिल्यांदा दीप्याची चूक सापडली होती.

"अरे, हे चुकलंय," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे ना भो. आबाले जमस ना? मंग झालं."

मी स्क्रीनशॉट काढला आणि शाळेच्या ग्रुपवर टाकला. 'उस्ताद चुकले! साधं सेंटर लावता येईना.' खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यात एक दीप्याचाही होता.

तो गेल्यावर मी सेंटर नीट केलं.

दुसऱ्या दिवशी आबा पुन्हा गवतात. मला ऑफिसात फोन केला? नाही. फोन पारोळ्याला. "दीप्या, गाडी बिघडनी रे." पुढच्या रविवारी तो एसटीने हजर.

असं तीनदा झालं. मी नीट करायचो, तो बिघडवायचा, आणि आबा त्याच्या पाठीवर हात ठेवायचे.

माझी पाठही तिथेच होती.

शेवटी मी नाद सोडला.

मग गेल्या वर्षी, आजच्याच दिवशी, दुकानात काम करता करता दीप्या बसल्या जागी गेला. चौतीस वर्षांचा होता. आबा महिनाभर स्टेअरिंगकडे फिरकले नाहीत. नंतर बसायला लागले, त्याच्याच सेटिंगवर.

गेल्या आठवड्यात कॉम्प्युटरचं अपडेट आलं आणि ते सेटिंग उडालं.

मी परत लावलं. पुस्तकाप्रमाणे. आबा बसले, गवतात गेले, उठले.

माझं डोकं फिरलं. "आबा, त्याने चुकीचं लावलं होतं. तुम्हाला चुकीचीच सवय लावून गेला तो!"

आबा खिडकीकडे बघत म्हणाले, "मना ट्रक डावाकडे वढे. बावीस वरीस मी चाक उजवाकडे दाबीसन धरं. मना हातले तेच सरळ वाटस. दीप्या म्हने, आबा डोळा मिटा, गाडी सरळ रस्तावर शे समजा, आते धरा. जठे मना हात थांबना, तठे त्यानी ओके करं."

मग माझ्याकडे वळून म्हणाले,

"त्यानी इचारं. तू कधी इचारंच नही."

त्या ट्रकच्या केबिनमध्ये मी लहानपणी आबांच्या मांडीवर बसलोय. ट्रक डावीकडे ओढतो हे मला माहीत नव्हतं. दीप्या त्यात एकदाही बसला नव्हता.

असा जळलो म्हणून सांगू. आठवडाभर नुसता जळत होतो.

आज सकाळी आबांना खुर्चीत बसवलं.

"आबा, डोळे मिटा. रस्ता सरळ आहे. धरा."

हात आपोआप उजवीकडे गेले. बरोबर दोन रेघा. मी ओके दाबलं.

आबांनी चाळीसने एक राउंड मारला. मागच्या गाडीला हात दाखवून पुढे जाऊ दिलं. मग चाकावरून हात फिरवत म्हणाले,

"दीप्याना हात शे हाऊ."

दीप्याचा हात? मी केलं होतं ते! मी!

सांगणार होतो. ओठांवर आलं होतं. नाही सांगितलं.

दीप्या, फुलं, हार, श्रद्धांजली बाकीचे वाहतायत. तो स्क्रीनशॉट बघून हसलेले सगळे या शाळेच्या ग्रुपवर आहेत, म्हणून मी इथेच लिहितो.

दीपक चुकला नव्हता.

सेंटर तेच होतं, भो.