एक कडक ऊन

आज पुन्हा सुमात्राच्या जळत्या रानांचा धूर सिंगापूरवर आलाय, आणि त्या वासानं माझं डोकं फिरलंय.

वीसेक वर्षांपूर्वी, सप्टेंबरच्या सुट्टीत दादानं आम्हा सगळ्यांसाठी तळ्याकाठचं एक कॉटेज भाड्यानं घेतलं होतं. आई पुण्याहून आलेली. सिंगापुरातल्या आमच्या वुडलँड्सच्या फ्लॅटला गच्ची नाही म्हणून हळहळणारी ती, तिथला लाकडी ओटा बघून हरखली. सकाळीच तिनं प्लास्टिकच्या कागदावर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. अर्धवट वाळलेल्या, चिकट पापड्या मी चोरून खात होते.

दुपारी तळ्यापलीकडची झाडं धुरात दिसेनाशी झाली. दादानं कुणालाही न विचारता अख्खा कागद कचऱ्यात झटकला. "धुराचा वास लागलाय. कोण खाणार?"

"अरे, एक कडक ऊन दाखवलं असतं की गेला असता वास," एवढंच आई म्हणाली, आणि तिनं कागद धुवायला घेतला.

रात्री पाऊस कोसळला. सकाळी असं लख्ख ऊन पडलं, की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओट्यावर नुसता कागद वाळत होता.

आई गेली त्याला आता वर्ष झालं. मघाशी दादाचा फोन आला. "तिच्या हातच्या पापड्या इथे कधी मिळाल्याच नाहीत गं."

"मिळत होत्या," मी म्हटलं. "तुलाच एक दिवस थांबता आलं नाही."